हात कुणाचाही असो

चिमटीने आपल्या वडिलांच्या शर्टाचा मागचा घोळ मुठीत गोळा केला, त्याला वरपासून खालपर्यंत चिमटे लावले आणि पुढे येऊन पाहिलं. कॅमेऱ्याला दिसणारी बाजू आता अंगासरशी बसली होती. पाठीमागून मात्र ते दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यासारखे दिसत होते.

"टोचतंय का?"

"छे. पण टेकायचं नाही ना?"

"नाही. सांगेपर्यंत ताठ बसायचं."

"बसू की. जन्म उभ्याने गेला. कुणी बसा म्हटलं तर नाही कशाला म्हणा?"

ते बागेतल्या बाकावर बसले होते. बाक खरा होता, त्यामागची झाडं खरी होती, फक्त बाग स्टुडिओच्या छपराखाली होती. समोर झोपाळ्यावर एक लहान मुलगी बसवली होती आणि तिची आई कोपऱ्यातून तिला हसण्याच्या खुणा करत होती. बाबांनी मुलीकडे बघून भुवया उडवल्या. ती आईकडे न बघताच हसली.

स्टुडिओत हिला सगळे चिमटीच म्हणत. जाहिरातीत दिसणाऱ्या माणसांचे कपडे सांभाळणं हे तिचं काम, आणि तिच्या स्वतःच्या कॉलरला, बाहीला, खिशाच्या काठाला कायम चिमटे लावलेले. जाहिरात देणाऱ्या कंपनीचा माणूस सोडला तर तिचं खरं नाव विचारायची वेळ कुणावर आली नव्हती. त्यानेही विचारलं ते आजच, आणि लगेच विसरला.

ही कंपनी फोन बनवत असे. समोरची कंपनीही फोनच बनवत असे, आणि दोघींमधून विस्तव जात नव्हता. मागच्या हंगामात समोरच्यांनी एक जाहिरात केली होती. त्यात एक माणूस चार्जरची वायर हातात धरून सगळीकडे प्लग शोधत फिरतो. दवाखान्यात शोधतो, थिएटरात अंधारात चाचपडतो, शेवटी चुलत्याच्या मयताला गेल्यावर रडणाऱ्या काकूला विचारतो, "इथे जवळपास कुठे पॉइंट आहे का हो?" या कंपनीच्या फोनचं नाव घेतलं नव्हतं. घ्यायची गरजच नव्हती. लोक पोट धरून हसले, आणि ज्यांच्याकडे तो फोन होता ते तर आणखी जोरात हसले. आता या कंपनीला उट्टं काढायचं होतं. त्यांचा नवा फोन हलत्या हातातही फोटो हलू देत नव्हता. तेवढं एक दाखवलं की समोरच्यांच्या तोंडावर मारल्यासारखं होणार होतं.

फक्त हलता हात मिळेना. नट आले. एकाचा हात हिव भरल्यासारखा हलला, दुसऱ्याचा खुळखुळा वाजवल्यासारखा. तिसऱ्याने हाताबरोबर मानही हलवली, मग डोळेही. दिग्दर्शकाने कपाळाला हात लावला. कपड्यांच्या दांडीमागून चिमटी बोलून गेली, "असं नसतं ते. माझ्या बाबांचा हलतो ना, ते बघायला हवं तुम्ही."

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. खोलीतल्या सगळ्या माना तिच्याकडे वळल्या.

घरी आईने ऐकलं आणि हातातलं काम खाली ठेवलं.

"घरातलं दुखणं चव्हाट्यावर मांडायला निघालीस?"

"आई, मी नुसतं बोलले. नको असेल तर नाही म्हणून सांगते."

"थांब जरा," बाबा म्हणाले. "हात नाहीतरी दिवसभर हलतोच आहे. उगाच फुकट हलण्यापेक्षा कुणाच्या कामाला आला तर काय वाईट?"

आईने खाली ठेवलेलं काम पुन्हा उचललं. पण त्या रात्रीची भांडी जरा जास्त वाजली.

बाबांचं कोपऱ्यावर एका खुर्चीचं सलून होतं. आरशासमोर खुर्ची, खुर्चीमागे बाबा, आणि भिंतीला लागून वाट बघणाऱ्यांचा बाक. वस्तीतल्या कितीतरी माणसांनी बोहल्यावर चढण्यापूर्वी आणि नोकरीच्या मुलाखतीपूर्वी त्यांच्या पुढ्यात मान टाकलेली. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की आपोआप डोळे मिटून घ्यायचं, निम्मी तर घोरायची. मग हात हलायला लागला. आधी एकटा अंगठा, मग अंगठा आणि शेजारचं बोट एकमेकांवर घासत राहायची, चिमूटभर मीठ सोडतोय आणि ते संपतच नाहीये अशी. एकदा वस्तरा एका जुन्या गिऱ्हाइकाच्या कानाच्या पाळीला लागला. "काही नाही हो, चालायचंच," तो म्हणाला, आणि पुढच्या वेळीही आला. पण खुर्चीत बसल्यावर त्याने डोळे मिटले नाहीत. आरशातून तो सारखा त्या हाताकडे बघत राहिला. त्या आठवड्यात बाबांनी दुकानाचं शटर ओढलं ते ओढलंच. डॉक्टरांनी नाव सांगितलं, कंपवात. आईला ते नाव एखाद्या लांबच्या नातेवाइकाचं असावं तसं वाटलं. ती "तुमचं ते" एवढंच म्हणायची.

आणि आता दिव्यांच्या झोतात तोच हात फोन धरून बसला होता आणि दिग्दर्शक कॅमेऱ्याच्या मागून म्हणत होता, "वा! काका, वा! असंच."

"आणखी हलवू का?"

"नको नको. आहे तेच सोनं आहे."

चिमटीने वडिलांकडे पाहिलं. या हाताला "वा" म्हणणारं माणूस त्यांना किती दिवसांनी भेटलं होतं कोण जाणे. त्यांची मान थोडी वर गेली होती. आधी त्यांना साध्या काळ्या वेष्टनातला एक फोन दिला. त्याच्या आकारावरून तो कुणाचा हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. त्यात झोपाळ्यावरची मुलगी धुरकट, पुसट आली. मग कंपनीचा फोन दिला. मुलगी लख्ख आली, दुधाच्या दातांसकट. ते दाखवून झाल्यावर पडद्यावर तीन शब्द येणार होते: हात कुणाचाही असो.

चिमटे काढताना बाबा म्हणाले, "बरी माणसं आहेत गं. हाताकडे बघतात, पण तोंड वाकडं करत नाहीत."

जाहिरात आली आणि गाजली. बाबा रोज संध्याकाळी इस्त्रीचा शर्ट घालून कोपऱ्यापर्यंत जायला लागले. दुकान बंद झाल्यापासून रस्ता ओलांडून पलीकडे जाणारी जुनी गिऱ्हाइकं आता ओलांडून अलीकडे यायला लागली. अनोळखी बायका थांबून विचारायच्या, तुम्हीच ना ते? कुणी शेजारी उभं राहून फोटो काढायला गेलं तर बाबा म्हणायचे, "आणा इकडे, मी काढतो," आणि हलत्या हाताने सगळ्यांचा फोटो काढून द्यायचे. आई घरात म्हणायची, "आलेत बघ आमचे नट." पण शर्टाला इस्त्री तीच करायची.

समोरच्यांचं उत्तर आलं तेव्हा तिघं जेवत होती.

टीव्हीवर तसाच बाक, तसाच शर्ट, आणि एक म्हातारा. चेहरा दाखवला नव्हता, खांद्याखालचं तेवढं. हात हलतो आहे. तो नातीचा फोटो काढतो, फोटो छान येतो. मग आवाज येतो, "वा, फोटो तर स्थिर आला. आता पाठवून दाखवा." आणि ते हलतं बोट पडद्यावर टकटक टकटक आपटायला लागतं. फोटो जातो बँकेच्या मॅनेजरला. जातो गॅसवाल्याला. जातो बायकोच्या माहेरी सगळ्यांना, मग पोलीस चौकीत, मग कुठल्याशा मंत्र्याला. दर वेळी समोरचा माणूस फोन बघून चक्रावतो. शेवटी गाडीतून पोलीस उतरतात, तरी बोट टकटकतंच आहे. मग समोरच्यांचा फोन येतो: नुसतं बोला, फोन ऐकतो. हात लावायचं कामच नाही.

आईने रिमोट शोधायला सुरुवात केली. पण बाबा हसत होते. चांगले खदखदून, ठसका लागेपर्यंत.

"फक्कड केलंय हो," ते म्हणाले. "जन्मभर मी लोकांची पाणी लावून केली. यांनी माझी बिनपाण्याने केली!"

चिमटीही हसली. ठळक बातम्या झाल्यावर जाहिरात पुन्हा आली. या वेळी बाबा नुसते बघत राहिले. तिसऱ्यांदा आली तेव्हा त्यांनी उजवा हात मांडीखाली घेतला आणि डाव्या हाताने जेवण संपवलं.

त्यानंतर ते टकटकणारं बोट वाऱ्यासारखं पसरलं. कुणाचा निरोप चुकून भलतीकडे गेला की लोक लिहायचे, "माफ करा, काकांचं बोट लागलं." शाळेतून येणारी मुलं एकमेकांच्या पाठीवर बोट टकटकवत पळायची. स्टुडिओत प्रकाशयोजना बघणाऱ्या माणसाने चुकीचा दिवा लावला आणि सवयीने म्हणाला, "काकांचं बोट," आणि मग चिमटीकडे लक्ष जाऊन त्याने जीभ चावली. ती शर्टाची बटणं लावत राहिली. एक बटण तिने चुकीच्या काजात घातलं, पुन्हा काढलं.

बाबांचं कोपऱ्यावर जाणं थांबलं. इस्त्रीचा शर्ट खुंटीवर तसाच राहिला आणि एक दिवस आईने तो घडी करून कपाटात ठेवला.

कंपनीचा माणूस चिमटीला भेटायला कपड्यांच्या खोलीत आला. तो बारा महिने टाय लावायचा, म्हणून सगळे त्याला टायवाला म्हणत.

"आता गप्प बसून चालणार नाही," तो म्हणाला. "त्यांनी आपल्या काकांची चेष्टा केली."

'आपल्या' शब्दावर तिने वर पाहिलं.

"काका परत हवेत. गोष्ट अशी आहे, काका त्याच बाकावर. हात हलतोय, पण बोट बरोब्बर जागेवर पडतं आणि फोटो थेट समोरच्या कंपनीच्या मोठ्या साहेबाकडे जातो. खाली लिहिलेलं, 'मिळाला का?' खलास. फक्त या वेळी हात जरा जास्त हलला पाहिजे. लांबूनही दिसेल असा."

"विचारते," ती म्हणाली. नाही म्हणायचं हे तिने तिथेच ठरवलं होतं. पण टायवाल्याने घरी आधीच फोन केला होता. ती पोचली तेव्हा बाबा खुर्चीतून अर्धे उठून बसले होते.

"मी जाणार."

"बाबा, नको. पुरे झालं."

"त्यांनी माझं हसं केलं. उत्तर नको द्यायला?"

"अहो, भांडण त्या दोघांचं," आई म्हणाली. "रेडे झुंजतात, झुडपं तुडवली जातात. तुम्ही कशाला मध्ये पडता?"

"पडलोय ना आधीच," बाबा म्हणाले. "आता निदान उठून तरी दाखवतो."

त्यांच्या आवाजात कितीतरी दिवसांनी धार होती. आई चिमटीकडे बघत राहिली. पण खरं म्हणजे चिमटीलाही तो फोटो त्या साहेबाकडे गेलेला बघायचा होता.

मग एके सकाळी चहा पिताना आईच्या लक्षात आलं.

"अहो, बशी वाजत नाहीये."

तिघांनी कपाकडे पाहिलं. कप बशीत होता, बशी बाबांच्या हातात होती, आणि आवाज नव्हता. बाबांनी कप खाली ठेवला आणि हात समोर धरला. बोटं किंचित वळलेली, शांत. आईने तोंडाला पदर लावला.

"उतार पडतोय," ती म्हणाली. "मी म्हणत होते. नव्या गोळ्या लागू पडल्या."

त्या दिवशी बाबांनी हात इतक्या वेळा समोर धरून पाहिला की आई म्हणाली, आता नजर लावाल. जेवायला मात्र त्यांना वेळ लागत होता. घास तोंडापर्यंत जायला उशीर व्हायचा, बटण लावता लावता चहा निवायचा. पण घरात आनंद असताना वेळ कोण मोजतो?

चिमटी त्यांना दवाखान्यात घेऊन गेली ते ही बातमी सांगायलाच. डॉक्टरांनी त्यांना मूठ उघडमीट करायला लावली, बोटांनी टेबलावर ताल धरायला लावला, कोपर धरून हात हळूहळू वाकवून पाहिला, खोलीत या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवलं.

"थांबला बघा, डॉक्टर," बाबा म्हणाले.

"हं. शर्ट घालून घ्या."

बाबा पडद्यामागे बटणं लावत असताना डॉक्टर तिच्याजवळ आले.

"थरथर कमी झाली म्हणजे आजार कमी झाला असं नसतं. स्नायू आखडत चाललेत."

तिला नीट कळलं नाही. "पण हात थांबलाय ना?"

"थांबला नाहीये," ते म्हणाले. "अडकलाय."

पडद्यामागून बाबांचं गुणगुणणं ऐकू येत होतं.

"त्यांना सांगायचं?"

"ते तुम्ही ठरवा. मी गोळ्या वाढवून देतो. थोडा फरक पडेल. पण..." आणि ते पेनाचं टोपण शोधायला लागले. टोपण पेनाच्या मागच्या टोकाला लावलेलं होतं.

परत येताना बाबा म्हणाले, "आता खरी मजा. त्यांना वाटणार म्हाताऱ्याचं बोट नाचणार. आणि मी एका झटक्यात पाठवणार. न हलता. शेरास सव्वाशेर."

"बाबा, पण त्यांना हलता हात हवाय."

"वेडी आहेस. बरा झालेला हात मिळत असताना हलता कोण मागेल?"

तिने त्यांच्या बाजूची खिडकी थोडी खाली केली. वारा आला. घरी आईने विचारलं, डॉक्टर काय म्हणाले, तेव्हा ती म्हणाली, "गोळ्या वाढवल्यात." आईने मान हलवली.

स्टुडिओत तोच बाक मांडला होता, झोपाळ्यावर तीच मुलगी होती. या वेळी शर्टाला आणखी चिमटे लागले, कारण बाबा वाळले होते. दिवे लागले, कॅमेरा सुरू झाला. दिग्दर्शक वाट बघत राहिला. हात फोन धरून होता आणि फोन दगडावर ठेवल्यासारखा स्थिर होता.

"काका, हात..."

"थांबला!" बाबा म्हणाले आणि दोन्ही तळवे दिव्यांकडे उचलून दाखवले. "बघा! तुमच्या पहिल्या जाहिरातीनंतर दोन महिन्यांत. आता दाखवूच त्यांना."

प्रकाशयोजनेवाल्या माणसाने मनापासून टाळी वाजवली. मग आपण एकटेच वाजवतोय हे पाहून थांबला. दिग्दर्शक टायवाल्याला घेऊन कोपऱ्यात गेला. तिथून शब्द ऐकू येत नव्हते, पण टायवाल्याची मान हलताना दिसत होती. दिग्दर्शक परत आला आणि बाकासमोर गुडघ्यांवर बसला. तो वाईट माणूस नव्हता.

"काका, फार आनंद झाला. खरंच. फक्त आजच्यापुरता मुद्दाम थोडा हलवता येईल? पूर्वीसारखा?"

बाबांनी चिमटीकडे पाहिलं. मग त्या माणसाकडे. गिऱ्हाइकाने मागितलं आणि त्यांनी नाही म्हटलं, असं कधी झालं नव्हतं.

"तुम्ही म्हणाल तसं," ते म्हणाले.

त्यांनी हाताकडे बघितलं आणि प्रयत्न सुरू केला. दंड हलला. खांदा वरखाली झाला, कोपर पुढेमागे झालं, मानेची शीर ताठ झाली. मनगटाच्या पुढे काही गेलं नाही. बोटं होती तशी, किंचित वळलेली, मागे कुणी ठेवून गेल्यासारखी. झोपाळ्याची कडी कुरकुरली. त्यांनी डोळे मिटले, ओठ घट्ट दाबले आणि पुन्हा प्रयत्न केला. त्या तीन नटांनीसुद्धा यापेक्षा बरं केलं असतं.

"जमत नाही हो," ते शेवटी म्हणाले. "सवय गेली."

आणि ते हसले. हसण्याचा आवाज आला, पण गालावर काही उमटलं नाही. कपाळ तसंच, भुवया तशाच. झोपाळ्यावरची मुलगी त्यांच्याकडे टक लावून बघत होती. त्यांनी तिच्यासाठी भुवया उडवल्या असाव्यात, पण त्या उडाल्या नाहीत. मुलीने आईकडे पाहिलं. चिमटीला कळेना, हे आजचंच आहे की घरी बरेच दिवस असं चाललंय आणि आपण बघितलं नाही.

टायवाला कोपऱ्यातूनच म्हणाला, "आहे तसं घेऊन टाका. हात नंतर हलवू."

बाबांना बाकावर तसंच बसवून ते चित्रीकरण झालं. बोटाने पडदा दाबायचा होता, ते जमेपर्यंत दिग्दर्शकाने पुन्हा पुन्हा घेतलं आणि एकदाही आवाज चढवला नाही.

"नंतर म्हणजे कधी?" चिमटे काढत असताना बाबांनी तिला विचारलं. "परत यायचंय का?"

"नाही, बाबा. ते कॉम्प्युटरवर करतात. तुमचं झालं."

"बरं झालं. आज जरा थकलो."

शर्टाचा घोळ सुटला आणि त्यांच्या भोवती पडला. तिने बाही सरळ केली, मग कॉलर, मग पुन्हा बाही.

नवी जाहिरात एका संध्याकाळी बातम्यांच्या आधी लागली. बाक, झाडं, झोपाळा. बाबांचा चेहरा, एकदम शांत. आणि त्याखाली हात. हात हलत होता. पूर्वी कधीच हलला नव्हता इतका, फोनसकट, बाहीसकट, बाकावर पडलेल्या सावलीसकट. बोट वर गेलं, हवेत नाचलं आणि बरोब्बर पडलं. समोरच्या कंपनीच्या साहेबाचं तोंड पडलेलं दिसलं. 'मिळाला का?' शेजारच्या घरातून भिंतीपलीकडून हसण्याचा मोठा लोट आला.

बाबा टीव्हीकडे बघत होते. मग त्यांनी मांडीवरच्या हाताकडे पाहिलं. तिथे तो पडून होता. पुन्हा टीव्हीकडे पाहिलं, पण तिथे आता साबणाची जाहिरात लागली होती.

"हे जुनं दाखवतायत," ते म्हणाले.

"हो," चिमटी म्हणाली.

आईने तिच्याकडे पाहिलं आणि कप उचलून आत गेली.

तेवढ्यात चिमटीच्या फोनवर टायवाल्याचा निरोप आला. कमाल झाली, लोक वेडे झालेत, समोरचे नक्की उत्तर देणार, मग आपण तिसरी करू. शेवटी लिहिलं होतं, 'काकांना त्रास द्यायची गरज नाही. हात आता आपल्याकडे आहे.' तिने फोन पालथा ठेवला.

"काय म्हणतात?" बाबांनी विचारलं.

"आवडली म्हणतात. सगळ्यांना."

"आवडणारच. पण घोटाळा झाला गं. लोकांना वाटणार, म्हाताऱ्याचा अजून हलतोय." ते खुर्चीचे हात धरून उठायला लागले. पुढे झुकले, मागे आले, पुन्हा पुढे झुकले आणि उभे राहिले. "शर्ट कुठे ठेवलाय तुझ्या आईने? जरा कोपऱ्यापर्यंत जाऊन येतो. लोकांनी बघायला हवं."

आता ते जायला निघाले होते, तर ती अडवणार नव्हती. तिने कपाटातून शर्ट काढला. घडीच्या रेघा पडल्या होत्या, पण त्यांनी इस्त्रीचा आग्रह धरला नाही. बटणं तिने लावली आणि त्यांनी लावू दिली. आरशासमोर त्यांनी मान इकडून तिकडे वळवून स्वतःचे कल्ले तपासले, भुवया न हलवता.

"छान दिसताय."

"मग? कोपऱ्यावर आता हात खिशात घालून नाही उभा राहणार."

बाहेर अजून उजेड होता. जिन्यात कुणीतरी सायकल चढवत होतं. बाबांनी चपला घातल्या, दार उघडलं आणि दारात थांबले.

चिमटीला वाटलं, काही राहिलं असेल.

"काय हवंय? चष्मा?"

"नाही. काही नाही."

ते तसेच उभे होते. दाराच्या पट्टीपाशी चपलांची टोकं, त्यापलीकडे जिना. डाव्या पायाची टाच जराशी उचलली गेली, थरथरली आणि परत टेकली. मग उजव्याची. पुन्हा डाव्याची. चपला पुढे सरकल्या नाहीत. त्यांनी खाली पाहिलं, स्वतःच्या पायांकडे, एखादं गिऱ्हाईक उठायचं विसरून खुर्चीतच बसून राहिल्यावर बघावं तसं, जरा नवलाने. मग मान वर केली आणि सायकलवाला जात होता तिकडे बघितलं, जणू त्याच्यासाठीच थांबले होते. हात हळूच दाराच्या चौकटीला लागला.

सायकलवाला वर निघून गेला. जिना मोकळा झाला.

"जाऊ," ते म्हणाले. "घाई काय आहे?"

आतून आईने विचारलं, "गेले का गं?"

चिमटी त्यांच्या चपलांकडे बघत होती.

"निघालेत," ती म्हणाली, आणि त्यांच्या शेजारी जाऊन, आपल्यालाही जिन्याकडेच बघायचं असल्यासारखी, उभी राहिली.